विहिरीला आलेला रंग

मामंजी,

या उन्हाळ्यात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतंय. आज सकाळी पेठेतल्या पोरांनी विहिरीवरची लोखंडी जाळी उचलली, आत मोटार सोडली आणि पहिलं पाणी पेल्यात घेऊन मला चाखायला आणून दिलं. मी चाखलं, मान हलवली, मग बायकांनी हंडे लावले. पोरांना वाटतं ही म्हातारीची एक हौस आहे. ही हौस कुठून लागली ते ज्यांना ठाऊक होतं ते बहुतेक सगळे गेले, आणि तुम्हाला जाऊन तर इतकी वर्षं झाली की तुमच्या रंगाच्या कारखान्याच्या जागी आता मंगल कार्यालय उभं आहे. तिथे सकाळपासून बँड वाजत होता, आत्ता कुठे थांबलाय. घरातले सगळे झोपलेत. मी नातीकडून चार कागद मागून घेतले आणि खिडकीशी बसले.

मी अक्कलकोटकडची. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा मराठी चौथीपर्यंत शिकलेली, पण बोलायला लागले की कन्नड मधे यायचं. आपल्या घरात दोन्ही भाषा होत्या. तुम्ही घरात कन्नड बोलायचात, कामगारांशी मराठी, आणि शेजारच्या कारखान्याच्या मालकांशी गप्पा रंगल्या की थोडं तेलुगूसुद्धा. माझ्याशी मात्र तुम्ही कुठल्याच भाषेत बोलत नव्हता. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, सासऱ्यानं सुनेला थेट काही विचारायचं नाही, अशी रीत होती. तुम्हाला ताक हवं असलं की तुम्ही भिंतीला सांगायचात, सासूबाई ते मला सांगायच्या, आणि मी ताक घेऊन आधीच दाराशी उभी असायची. पहिली चार-पाच वर्षं अशीच गेली आणि त्यात मला काही कमी वाटलं नाही.

मागच्या अंगणापलीकडे कारखाना. दिवसभर कढयांखाली जाळ, बांबूंवर सुताच्या ओल्या लडी निथळतायत, आणि काळा रंग लागला की सडक्या अंड्यासारखा वास थेट चुलीपर्यंत. सासूबाई पदर नाकाला लावून म्हणायच्या, "या वासावरच घर चाललंय, नाक मुरडू नकोस." पेठेत असे सहा-सात कारखाने होते. कढईच्या तळाचा गाळ, सोड्याचं पाणी, सूत पांढरं करायच्या पावडरीचा चोथा, रंगाचे फुटके डबे, सगळं पेठेच्या टोकाच्या जुन्या दगडाच्या खाणीत जायचं. तिथला दगड कधीच कुणाच्या तरी बंगल्याला लागला होता, खड्डा तेवढा उरला होता. खड्डा आहे तर त्यात ओतायचं, यात कुणालाच वावगं वाटत नव्हतं. मलाही नव्हतं.

तीस साली सोलापुरात इंग्रजांचा मार्शल लॉ येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षाचा उन्हाळा. सांगोल्याकडून शेळ्या-मेंढ्या घेऊन चाऱ्याच्या शोधात आलेली एक धनगराची बाई आपल्या दारात उभी आहे. खांद्यावरची मेलेली शेळी तिनं आपल्या पायरीवर उतरवली आहे. शेळीच्या तोंडाला हिरवट फेस, जिभेवर फोड. मी आतल्या दाराच्या फटीतून बघते आहे.

"मालक, भाईर या. ही बगा. खाणीतलं पानी प्याली आन तडफडून मेली. आनिक दोन तितंच पडल्यात."

तुम्ही बाहेर आलात. "बाई, खाण माझी नाही. सरकारी आहे."

"खाण सरकारची, व्हय. आन त्यातली घाण कुणाची हाय? सरकार कापडं रंगवतंय व्हय?"

गल्लीत जमलेले लोक हसले. तुम्ही हसला नाहीत. तिची भरपाई करायला दिवाणजींना सांगितलंत आणि आत वळलात, तर ती मागून म्हणाली, "घेते की मी. पन उद्या दुसऱ्याची शेळी यील, न्हाईतर पोर यील. कुंपण तरी घाला." त्या दिवशी जेवताना तुम्ही भिंतीला एवढंच म्हणालात, की खाणीला काटेरी कुंपण घालायला हवं. कुंपण घातलंतही. तुमच्या लेखी विषय तिथे संपला, आणि माझ्या लेखीही संपला असता.

पण त्याच आठवड्यात आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी दोन दिवस आल्या नाहीत. त्या मागच्या गल्लीत राहायच्या. तिथे सगळे विणकर आणि गिरणीत जाणारे लोक, नळ कुणाकडेच नव्हता, प्यायचं पाणी पेठेच्या विहिरीचं. मी भाकरी आणि ताक घेऊन गेले. मावशींची धाकटी लेक अंथरुणात पडलेली, पोटात काही ठरत नव्हतं. मावशी म्हणाल्या, "वैनी, हिरीचं पानीच लई कडू झालंय बगा. डाळ शिजंना, च्याचं दूध फाटतंय. समद्या गल्लीतली पोरं अशीच पडल्यात." मी पोरीला तोंड उघडायला सांगितलं. तिच्या जिभेवर फोड होते. ते बघताच मला आपल्या पायरीवरची शेळी आठवली.

घरी आल्यावर मी माळवदावर चढले. वाळवणं घालायला रोजच चढायचे, पण त्या दिवशी वाळवणाकडे लक्ष नव्हतं. उंचावर खाण, उतारावर विहीर, आणि त्या दोहोंच्या मधे कडुलिंबाची झाडं. चैत्र संपत आला होता. साऱ्या सोलापुरातले लिंब कोवळ्या पानांनी भरले होते आणि मधली ही झाडं मात्र काळी पडलेली, एकाला पान नाही. रात्री तुमच्या लेकाला सांगितलं. ते म्हणाले, "अप्पांना कोण सांगणार? सांगायचं तर तूच सांग." त्यांनी ते थट्टेत म्हटलं होतं. माझा डोळा मात्र लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मावशींकडून विहिरीच्या पाण्याची घागर मागवली. सासूबाईंना सांगितलं नाही. त्याच पाण्यात तुरीची डाळ चढवली. सकाळभर चूल जळत होती आणि डाळ दाण्यासारखी टणक. तशीच फोडणी देऊन तुमच्या ताटात वाढली. मनात म्हटलं, आजच्या दिवस मामंजींनी ती चाखावी, गल्ली रोज खातेय. पहिला घास घेतलात आणि तुमचा हात थांबला. तुम्ही भिंतीला विचारलंत, "आज डाळ का शिजली नाही?" सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. आणि मग दाराआडून माझा आवाज आला. मलाच तो परका वाटला.

"पेठेच्या विहिरीच्या पाण्यात शिजवली. खाणीतलं पाणी विहिरीला लागलंय. मागच्या गल्लीतल्या पोरांच्या तोंडात त्या शेळीसारखे फोड आलेत."

सासूबाईंच्या हातातला पळा खाली पडला. तुम्ही ताटातली ती डाळ बाजूला सारलीत, चूळ भरलीत, उठलात. मला वाटलं, आता मला माहेरी पाठवणार. दाराशी थांबून तुम्ही पहिल्यांदा भिंतीला सोडून माझ्याशी बोललात. "अव्वा," तुम्ही म्हणालात. आपल्या कन्नडमध्ये आईलाही अव्वा म्हणतात आणि लेकीलाही. "अन्न बिघडवून सांगायचं नसतं. देवानं तोंड दिलंय ना? यापुढे काही सांगायचं असलं तर तोंडानं सांग."

तेवढंच रागावलात. इतक्या वर्षांत तुम्ही मला दुसऱ्यांदा रागावल्याचं आठवत नाही.

त्याच दुपारी भर उन्हात तुम्ही खाणीवर गेलात, तिथून चालत विहिरीवर, आणि विहिरीवरून मावशींच्या घरी. मावशी नंतर कितीतरी दिवस सांगत होत्या, की मालक दारात चप्पल काढून उभे राहिले आणि पोरीला बरं वाटेपर्यंत काय काय लागेल ते विचारून गेले. दुसऱ्या दिवशी आपल्या कढया थंड होत्या. मागचं अंगण इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. चिमण्यांचा आवाज ऐकू येत होता.

खाणीत ओतणं सगळ्यांनीच थांबवावं म्हणून तुम्ही बाकीच्या कारखानदारांना घरी बोलावलंत. ओसरीवर सतरंज्या घातल्या, मी आत चहा करत होते आणि एकेक शब्द ऐकत होते. शेजारचे मालक तुमच्या वयाचे, तुमचे जुने स्नेही, पण त्या दिवशी सगळ्यात जास्त तेच चिडले होते. "उन्हाळ्यात विहीर तळाला जाते, पाणी खारट होतं. दरवर्षीचंच आहे. खाण कुठं, विहीर कुठं! मधे सगळा काळा पाषाण आहे." दुसरे एक जण म्हणाले, "तुमचं चार महिने बंद राहिलं तरी चूल पेटेल. माझ्याकडे दोनच कढया आहेत. मी गाळ डोक्यावर घेऊन फिरू?" त्यांचंही खोटं नव्हतं. आत चहा उतू गेला तरी मी तिथेच कान देऊन उभी. मग तुमचा आवाज आला, अगदी शांत.

"आपण रंगवाले. रंग टाकून बघू. खाणीतलं पाणी विहिरीत जात नसेल तर रंग तिकडे दिसणार नाही. मी उद्या कढया पेटवतो आणि तुमची माफी मागतो."

शेजारचे मालक म्हणाले, "रंग तुम्हीच टाकणार, आणि विहिरीत सोडणारेही तुम्हीच."

तुम्हाला राग आला असता तर बैठक तिथेच मोडली असती. तुम्ही म्हणालात, "मग तुम्हीच टाका. कुठला टाकला ते मला सांगू नका. कुणालाच सांगू नका."

तसंच ठरलं. त्याआधी तुम्ही मागच्या गल्लीत घरोघर निरोप दिलात की विहिरीचं पाणी कुणी तोंडात घेऊ नये, आणि गावाबाहेरच्या एका मळ्यातून पिंपं भरून बैलगाड्या सुरू केल्यात. गाड्या आल्या की मी आणि मावशी पाणी वाटायला उभ्या राहायचो. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "घरची सून रस्त्यावर?" तुम्ही भिंतीला म्हणालात, "गाडी रस्त्यावरच येते." त्यानंतर त्या फक्त उन्हाला डोक्यावर पदर नीट घे म्हणाल्या. गोड्या पाण्यावर मावशींची लेक उठून बसली. मग अंगणात खेळायला लागली.

विहिरीत मात्र काही दिसेना. रोज सकाळी मावशी एक घागर काढायच्या, आम्ही ती पांढऱ्या परातीत ओतायचो आणि डोकं खुपसून बघायचो. नुसतं गढूळ पाणी. दिवसामागून दिवस गेले. पेठेत लोक तुम्हाला वाटेत गाठून विचारायचे, "काय मालक, आला का रंग?" आणि तुमच्या पाठीमागे हसायचे. आपले दोन कामगार दुसरीकडे कामाला लागले. तुम्ही रिकाम्या कारखान्यात जाऊन कढया पुसत बसायचात. मला पहिल्यांदा भीती वाटली, की आपण झाडं बघून भलतंच काही ठरवलं की काय.

आणि एका सकाळी मावशींची किंकाळी आली. मी पदर खोचून धावले. विहिरीच्या काठावर आठ-दहा बायका गोळा झालेल्या. परातीतलं पाणी गुलाबी होतं. मिठाईत घालतात तसलं, स्वच्छ गुलाबी. मावशी हसत होत्या आणि रडतही होत्या. "आला की वो वैनी! आला!" कुणी काही ठरवलं नाही. ज्या बाईकडे जे भांडं होतं ते तिनं भरून डोक्यावर घेतलं आणि आम्ही शेजारच्या मालकांच्या दाराकडे निघालो. लुगडी भिजली, रस्त्यावर गुलाबी थेंब पडत चालले, मागून पोरं नाचत आली. कोपऱ्यावरचा पोलीस शिपाई धावत आला. आदल्या वर्षीच्या मार्शल लॉची धास्ती त्याच्या अंगातून गेली नव्हती. "ए, मोर्चा कसला? झेंडा कुणाकडं हाय?" मावशी म्हणाल्या, "झेंडा न्हाय दादा, पानी हाय. पिता का?" त्यानं घागरीत डोकावून बघितलं आणि वाट सोडली.

शेजारचे मालक दात घासत बाहेर आले. तोवर तुम्हीही आला होता. त्यांनी मावशींच्या घागरीत बोटं बुडवली, अंगठ्यावर घासली, वास घेतला. मग ते तुमच्याकडे वळून म्हणाले, "माझाच आहे. हलवायाकडचा आणून टाकला होता. विषारी टाकायला मन होईना." आणि तिथेच पायरीवर बसले. त्यांच्या शेजारी तुम्हीही बसलात. दोन मालक पायरीवर आणि भोवती गुलाबी घागरी घेतलेल्या आम्ही बायका. मला त्या वेळी इतकं हसू येत होतं की मी पदर तोंडात कोंबला. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

पुढचं काम कष्टाचं होतं, पण त्यात भांडण नव्हतं. सगळ्यांनी मिळून खाण उपसायची ठरवली. कुणीतरी सुचवलं, की गाळ मंगळवेढ्याच्या वाटेवरच्या ओढ्यात टाकू, तिथे कुणी बघत नाही. तुम्ही विचारलंत, "त्या ओढ्याचं पाणी कोण पितं?" कुणाला माहीत नव्हतं. "मग नको," तुम्ही म्हणालात. उंच मुरमाड जागेवर चुनेगच्ची उथळ हौद बांधले गेले. कारखान्यांचं पाणी आणि खाणीतला गाळ त्यात जायचा, आणि सोलापूरचं ऊन बाकीचं काम करायचं. तळाशी वाळून उरलेली खरवड झाकणाच्या पक्क्या खड्ड्यात साठायची. शेजारच्या मालकांनी आपले गवंडी दिले आणि दोनच कढया असलेल्यांचा वाटा तुम्ही दोघांनी उचलला. सगळं होऊन गेल्यावर कुणी पुढारी आले, हौदाच्या काठावर उभे राहून पेठेला स्वच्छतेचे धडे देऊन गेले. तुम्ही त्यांना हार घातलात आणि घरी आल्यावर सासूबाईंना म्हणालात, "चांगलं बोलतात. फक्त उशिरा येतात."

त्या वर्षी दिवाळीला मला एक लुगडं मिळालं. सूत तुम्ही स्वतः रंगवलेलं, शेजारच्या मालकांच्या मागावर विणलेलं, आणि रंग तोच, परातीतला. सासूबाईंच्या हातून न देता तुम्ही ते माझ्यासमोर पाटावर ठेवलंत. "अव्वा, हा रंग लुगड्यावरच बरा दिसतो," म्हणालात. आणि वर एक काम दिलंत. विहिरीचं पाणी रोज सकाळी मी बघायचं, चाखून थुंकायचं, आणि तुम्हाला येऊन सांगायचं, तोंडानं. मी येऊन सांगायची, "अजून कडू," तुम्ही म्हणायचात, "बरं." किती महिने आपलं एवढंच संभाषण होतं. पण ते आपलं होतं. सासूबाई त्या वेळी मुद्दाम आत निघून जायच्या. हळूहळू त्या "बरं" च्या पुढे आणखी काही यायला लागलं, माहेरचं पीकपाणी, सुताचे भाव, थोरल्या नातवाच्या खोड्या.

दोन-तीन पावसाळे विहीर उपसली, पुन्हा भरली, पुन्हा उपसली. मधल्या झाडांपैकी एका लिंबाला बुंध्याशी कोवळी फूट आली. मग एका सकाळी पाणी तोंडात घेतलं आणि थुंकायचं विसरले. गिळून टाकलं. घरी आले तेव्हा तुम्ही कपाळाला विभूती लावून लिंगपूजेला बसत होता. मी म्हटलं, "आज कडू नाही." तुम्ही समोरचा नळाच्या पाण्याचा तांब्या बाजूला सरकवलात आणि म्हणालात, "मग तेच आण." त्या पाण्यानं तुम्ही पूजा केलीत, त्याचंच तीर्थ घेतलंत, आणि उरलेलं माझ्या ओंजळीत घातलंत. दुपारी त्यात तुरीची डाळ शिजवली. ती मऊ शिजली, इतकी की घोटावी लागली नाही.

तुम्ही गेलात तो दिवसही तसा शांतच होता. जेवून लवंडलात आणि उठला नाहीत. आपल्या रीतीप्रमाणे समाधी दिली तेव्हा शेजारचे मालक काठी टेकत आले होते. मावशींची लेक तोवर दोन पोरांची आई झाली होती, तीही आली. पुढे कारखाने गेले, पेठ बदलली, मीही सासू झाले, आजी झाले. माझी सून माझ्याशी मोठमोठ्यानं भांडते, हसते, मला नाटकं ऐकवते, आणि मला ते आवडतं. मला काही कमी नाही, मामंजी. गुडघे सोडले तर तक्रार नाही.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत. उद्या बंबात घालीन, नाहीतर राहतील उशीखाली. फक्त एक गोष्ट लिहून टाकते, कुणाला सांगितलेली नाही. सकाळी नातीनं विचारलं, पणजोबा दिसायला कसे होते? मी म्हटलं, उंच होते. पुढे काही सांगता आलं नाही. तुमचा आवाज मी गर्दीतून ओळखीन, पावलं ओळखीन, निळ्या-काळ्या पडलेल्या नखांचे हात ओळखीन. चेहरा तेवढा आठवत नाही. पदर कपाळावर ओढून, मान खाली घालून बोलायची सवय होती, आणि आपण एकमेकांशी बोलायला लागलो तरी मान वर करायला मी शिकलेच नाही. घरात तुमचा एकच फोटो आहे, त्यात तुम्ही नेमके डोळे मिटलेत.